वासाची वही

आमच्या कारखान्यात आत जायचं तर दारातल्या वहीत आधी स्वतःचा वास लिहावा लागायचा. हजेरी त्यानंतर. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, तिला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन आणि तीन रकाने: नाव, वेळ, आणि ‘आज अंगाला, केसाला, तोंडात काय’. लोक लिहायचे. खोबरेल. पावडर. मावा. गजरा, अबोलीचा. अत्तर, चुलतभावाचं लग्न होतं. ज्यानं काहीच लावलं नसेल त्यानंही ‘काही नाही’ असं लिहून सही करायची. कोरा रकाना मास्तरांना चालत नसे. एकदा मालकांचे सासरे कारखाना बघायला आले, त्यांनाही मास्तरांनी दारात थांबवलं. ते म्हणाले, “मी पाहुणा आहे हो.” मास्तर म्हणाले, “व्हय की, पावणं. डोक्याला काय लावलंय?” सासऱ्यांनी केसांचा कलप लावला होता. तो त्यांना जावयाच्या कारखान्यात, जावयाच्या माणसांसमोर लिहून द्यावा लागला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोलापुरात कापड रंगवायच्या कारखान्यात रंगाची छटा जमवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात. ह्यांनी उमेदीची वर्षं टॉवेल आणि चादरी रंगवण्यात घालवली. तो कारखाना बंद पडल्यावर ते आमच्याकडे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आले. आम्ही विषारी वाफ ओळखणारी यंत्रं बनवतो. हातात धरायचं, गळ्यात अडकवायचं, विटेएवढं यंत्र. पुढच्या टोकाला एक भोक असतं, त्यातून ते हवा आत ओढतं, आणि हवेत विषारी वाफ असली की ओरडतं. त्या भोकाला आम्ही ‘नाक’ म्हणतो. नाकात धूळ जाऊ नये म्हणून आत एक बारीक जाळी असते. मास्तर तिथले तपासणीप्रमुख होते. शिक्षण सातवी.

आणि ह्या माणसाला स्वतःला वास येत नव्हता. थोडासुद्धा नाही. रंगखात्यात एकदा ब्लीचिंगच्या हौदाजवळ गॅस सुटला होता, तेव्हा नाक गेलं. ताबडतोब कळलंही नाही. काही दिवसांनी घरी दूध करपलं, शेजारीण धावत आली, आणि हे गॅसच्या शेगडीशेजारी पाटावर बसून निवांत पेपर वाचत होते. मग कळलं. आमच्याकडं आल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात आमच्या कारखान्यातलं एक जुनं, साखर कारखान्याच्या ऑर्डरमधून नापास झालेलं यंत्र खिळ्याला टांगलेलं असे. त्यांच्या मंडळी आल्या-गेल्याला ते दाखवायच्या आणि म्हणायच्या, “ह्येंचं नाक खिळ्याला टांगलंय बगा.”

वास गेला की चवही बरीचशी जाते. मास्तर डब्यात कडक भाकरी आणायचे. मी एकदा विचारलं, दात शिवशिवत नाहीत का? म्हणाले, “मऊ भाकरी खाल्ली काय अन् कापूस खाल्ला काय, मला एकच. ह्येचा निदान आवाज तरी येतो.”

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. आमच्या घरात मी पहिली, आणि आमच्या गल्लीत मुलींमध्ये पहिली. हे मी सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. आई बिड्या वळायची, अजूनही वळते. घरात एका कोपऱ्यात तंबाखूचं सूप, दुसऱ्या कोपऱ्यात भिजवलेली पानं, मध्ये मी आणि माझी पुस्तकं. तंबाखूचा वास कपड्यांना लागतो तो धुतल्यानं जात नाही. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या टेबलाशी एका मुलीनं माझ्यापासून जागा बदलून घेतली होती. कारण तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर कारखान्यात पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं, ‘काही नाही’. मागे रेणुका उभी होती. जुळणी विभागात होती ती, रोज गजरा घालायची. मास्तरांनी तिला विचारलं, “गजरा, हिच्या अंगाला कसला वास येतोय?” ते सगळ्यांना वासानंच हाक मारायचे. रेणुका बिचारी अडखळली. “तंबाखूचा,” म्हणाली.

मी म्हणाले, “मी तंबाखू खात नाही.”

“खातीस म्हणलं का मी?”

“आई बिड्या वळते. घरात असतो.”

“मग तसं लिव की. ‘काही न्हाय’ कशाला लिवलंस? यंत्र वरडलं म्हंजे मी कुटं शोधत बसू?”

मी ‘काही नाही’ खोडून ‘तंबाखू, घरचा’ असं लिहिलं. आयुष्यात मी ते पहिल्यांदाच कुठंतरी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव तंबाखू पडलं. चार दिवस ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, “मास्तर, मला नाव आहे, आणि नावापुढे डिग्री आहे.” ते “बरं” म्हणाले आणि आठवडाभर मला ‘मॅडम’ म्हणत राहिले. ‘मॅडम, तेवढा स्टूल सरकवता का.’ ‘मॅडम जेवल्या का.’ तोंडावरची सुरकुती हलू न देता. शेवटी मीच म्हणाले, तंबाखू बरं होतं.

वही का सुरू झाली, तेही सांगायला हवं. लढाईत वापरतात त्यातला एक विषारी वायू असा आहे की, त्यासाठी यंत्र तपासायचं तर खरा वायू आणता येत नाही. त्याच्याऐवजी एक निरुपद्रवी तेल वापरतात. यंत्राला दोन्ही सारखीच वाटतात, आणि आमची साधी यंत्रंही ह्या तेलाला ओरडायची. आणि हे तेल अंगदुखीच्या बामात असतं. मी येण्याआधी म्हणे यंत्रं रोज सकाळी आठला ओरडायची आणि दहाला गप्प व्हायची. इंजिनियर लोकांनी सर्किटं उसवून पाहिली. मास्तरांनी पाळीचा कागद पाहिला. रात्रपाळीचा वॉचमन आठला किल्ल्या द्यायला आत यायचा, त्याच्या कमरेला बाम. त्या दिवशी मास्तरांनी वही आणली.

स्वतः मास्तर कट्टर शिवभक्त. गाव अक्कलकोटच्या पलीकडं, सीमेला लागून. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्हीचं मिश्रण. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. पण कारखान्याच्या दाराशी नळ होता, तिथं रोज कपाळ धुवायचे, पंच्यानं पुसायचे आणि मग वहीत लिहायचे, ‘विभूती होती, धुतली’. त्यामुळे दुसऱ्या कुणाला तक्रार करायला जागाच नव्हती.

मग सैन्याची निविदा आली.

तोवर आमची गिऱ्हाइकं म्हणजे साखर कारखाने, रंगकाम करणारे, बर्फाचे कारखाने. सैन्याला गळ्यात अडकवायची यंत्रं हवी होती. मालकांनी निविदा भरायचं ठरवलं. मालक वाईट माणूस नव्हता. वडिलांचे माग विकून त्यानं हा कारखाना उभा केला होता, आणि तो बुडाला तर बाप काय म्हणेल ह्याची त्याला बाप गेल्यावरही भीती होती. निविदेचा गठ्ठा आला तो इंग्रजीत, विटेएवढा जाड. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. ते भाकरी मोडत ऐकायचे.

एका कलमात लिहिलं होतं की डिझेलचा धूर, घाम, डास पळवायचं मलम अशा गोष्टींनी यंत्रानं उगाच ओरडता कामा नये. मास्तर म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं.

“उगाच वरडायचं न्हाय, ह्येचं कलम हाय. उगाच गप बसायचं न्हाय, ह्येचं कुटाय?”

मी पानं चाळली. तेलाची कुपी नाकाला लावल्यावर यंत्र ओरडलं पाहिजे, असं कलम होतं. तेच ते, म्हणाले मी.

“नाकाला लावल्यावर कोण बी वरडंल की. कुणी तुज्या नाकाला लावायला येणाराय का इख?”

दोन वर्षं चाचण्या चालल्या. उन्हाळ्यात यंत्रं पत्र्यावर ठेवायची, मग बर्फात ठेवायची. टेबलाच्या उंचीवरून पाडून बघायची, असं लिहिलेलं होतं. मास्तर ती स्वतःच्या कमरेवरून शहाबादी फरशीवर पाडायचे, चालता चालता, पाठ वळवून. “जवान काय टेबलावर उभा ऱ्हाऊन लढतोय?” शेवटी आमचं यंत्र पसंत पडलं. पहिली ऑर्डर साठ नगांची. छोटी होती, पण ही नीट गेली तर पुढची मोठी. चाळीस माणसं होतो आम्ही, आणि साखर कारखान्यांची कामं त्या वर्षी आटली होती. साठ नग पास झाले नाहीत तर दिवाळीनंतर निम्म्यांना घरी बसावं लागेल, हे मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं.

साठ यंत्रं तयार झाली तेव्हा खंडेनवमी चार दिवसांवर होती. साठही नाकांच्या जाळ्या मी भिंगाखाली पाहिल्या, प्रत्येक ओळीपुढे सही केली. साठ सह्या. आमच्या घरात आईची बिडी-कार्डावर अंगठ्याची खूण. माझ्या सहीकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसते, हे मला माहीत आहे.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. कारखान्यात ड्रिल, पान्हे, कॉम्प्रेसर सगळं धुऊन पुसून बाहेरच्या शेडमध्ये मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची माळ. मास्तरांची एवढीच अट होती की यंत्रांच्या खोलीत पूजा नाही. दर वर्षी लोक कुरकुरत का होईना, ऐकायचे. त्या वर्षी मास्तर गावाकडं गेले होते, त्यांच्या घरच्या पूजेला. खोलीची किल्ली माझ्याकडं होती.

रेणुका आली. मागे जुळणीतल्या सगळ्या बायका, दोन-तीन पुरुष.

“ताई, पान्ह्याची पूजा करतो आपण. स्क्रूड्रायव्हरची करतो. आणि हे लढाईला चाललंय, त्येची न्हाय?”

“मास्तर नाही म्हणतात.”

“मास्तर स्वतः करत बसलेत की गावाकडं. ताई, हे कुणाच्या तरी पोराच्या गळ्यात जाणाराय. बिनपूजेचं पाठवायचं?”

तिचा भाऊ सैन्यात होता. खरं सांगायचं तर मला तिचं पटलं. कापूर नाही, उदबत्ती नाही, एवढंच मी म्हणाले, आणि किल्ली लावली. मला वाटलं, वासाचं काही नसलं म्हणजे झालं. सिद्धेश्वराच्या देवळातून आणलेली विभूती रेणुकेच्या डबीत होती. कोरडी, बिनवासाची. एकेका यंत्राला तीन-तीन पट्टे ओढले. कुठं ओढणार? माणसाला कपाळ असतं, यंत्राला पुढचं टोक. नाकाच्या वरच. सगळ्यांनी हात जोडले. छान वाटलं. दुपारी मास्तर यायच्या आत ओल्या फडक्यानं सगळी यंत्रं पुसून घेतली.

जाळ्या पुन्हा पाहायच्या, हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. पण सह्या झाल्या होत्या.

दसऱ्यानंतर तपासणीची तुकडी आली, पुण्याहून. एक मेजरसाहेब, आणि त्यांच्याबरोबर एक सुभेदार, आपल्याच भागातले, मंगळवेढ्याकडचे. दारात मास्तरांनी वही पुढं केली. मेजरांनी भुवया उचलल्या, पण लिहिलं: दाढीचं लोशन. सुभेदारांनी हसत लिहिलं आणि आत आले. पाच यंत्रं टेबलावर चालू करून ठेवली होती. सुभेदार त्या टेबलाशीच बसले आणि दोन तास कागद भरत राहिले. मेजर एकेक यंत्र उचलायचे, आपल्या कुपीतलं तेल नाकाला लावायचे. यंत्र ओरडायचं. साठच्या साठ ओरडली. पेट्या बंद झाल्या, त्यांच्यावर कागदी पट्ट्या आणि सरकारी शिक्के बसले. तो शिक्का त्यांच्याशिवाय कुणी तोडायचा नाही. मालकांनी पेढे वाटले. मेजरांनी दोन घेतले. चारला त्यांची गाडी गेली; पेट्या नंतर उचलायच्या होत्या, त्या आमच्याच खोलीत राहिल्या.

पाचच्या सुमारास मी पर्स घेऊन निघाले, तेव्हा मास्तर दारातल्या स्टुलावर बसून वही वाचत होते. रोज वाचायचे, त्यात नवीन काही नव्हतं. पण बोट एका ओळीवर थांबलेलं.

“तंबाखू, ह्ये वाच.”

सुभेदारांची ओळ होती. ‘दोन्ही गुडघ्यांना बाम.’

“बरं मग?”

“ह्यो माणूस दोन तास यंत्राफुडं बसला. गुडघं टेबलाखाली, यंत्रं टेबलावर. कितकं अंतर आलं? दोन हात. एक तरी वरडलं का?”

नव्हतं ओरडलं. त्या शांततेबद्दल आम्ही सगळे देवाचे आभार मानत होतो.

मास्तरांच्या कपाटात नमुन्याचं एक यंत्र असायचं, ऑर्डरमधलं नव्हे, त्यांचं. ते कुलपात असल्यामुळे त्याची पूजा झाली नव्हती. मास्तरांनी वॉचमनची बामाची डबी मागवली, धोतर वर करून गुडघ्याला चोपडलं, आणि यंत्र दोन हात अंतरावर ठेवलं. ते असं ओरडलं की पलीकडच्या कारखान्यातला माणूस भिंतीवरून डोकावला.

त्यांनी बंद करून माझ्याकडं पाहिलं. “मी गावाला गेल्तो तवा काय झालं?”

“पूजा केली.”

“कुणी?”

“खोली मी उघडली. किल्ली माझ्याकडं होती.”

“कशानं?”

“विभूतीनं. नाकावर तीन पट्टे.”

“अन् पुसली कशानं?”

“ओल्या फडक्यानं.”

“साकु,” म्हणाले. पुरे. विभूती पिठाहून बारीक असते. कोरडी असती तर यंत्रानं ओढून बाहेर टाकली असती. ओली झाली की चुन्यासारखी धरते. जाळी अर्धी बुजली होती. कुपी नाकाला टेकवली तर कळणार. दोन हातांवरचं काही कळणार नाही. हे मला केमिस्ट्रीतल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मालक अजून केबिनमध्ये होते. समोर पेढ्याचा बॉक्स. मास्तरांनी चार वाक्यांत सांगितलं. मालकांनी बॉक्सचं झाकण लावलं.

“मास्तर, त्यांनी त्यांच्या पद्धतीनं तपासलं. पास केलं.”

“त्येंच्या पद्धतीनं पास. माज्या वहीत नापास.”

“तुमची वही कुणी मागितलीय? निविदेत आहे का वही? हे बघा, माल जाऊ दे. महिन्या-दोन महिन्यांनी सर्व्हिसिंगला आपलाच माणूस जाईल, साठ जाळ्या बदलून येईल. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“तवर ती कुणाच्या गळ्यात असणार?”

“युद्ध काय उद्या सुरू होतंय का?”

“ते मला काय इच्यारताय? मी रंगमास्तर.”

मालकांचा आवाज चढला. “चाळीस घरं आहेत, मास्तर! आपणच जाऊन सांगायचं की आमचा माल नापास आहे? कुठला कारखाना करतो असं? पत्र कोण लिहिणार? मी लिहिणार नाही.”

“तुमी नका लिवू. ही लिहील. बीएस्सी हाय.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मालक म्हणाले, “लिहिलंस तर तुझी नोकरी माझ्या हातात नाही राहणार. विचार करून ये.”

मी विचार करायला घरी गेले. आई बिड्यांचे कट्टे बांधत होती. तिला सगळं सांगितलं. तिला यंत्र काय ते कळलं नाही, नोकरी काय ते कळलं.

“म्हंजे तुज्या मालात छाट निघाली.”

बिडी कारखान्यात वाईट वळलेल्या बिड्या चेकर मोडून बाजूला टाकतो, त्याला छाट म्हणतात. मी म्हणाले, तसंच काहीसं.

“मग त्यात रडण्यासारखं काय हाय? माजी रोज निघती. तुला वाटलं, कॉलेज केलं म्हणून तुजी निघणार न्हाय?”

मला आईचा राग आला. खूप आला. सकाळी गेले आणि पत्र लिहिलं. आम्ही तपासलेल्या साठ यंत्रांच्या जाळ्यांमध्ये राख अडकली आहे, फेरतपासणी व्हावी, आधीच्या तपासणीची जबाबदारी खाली सही करणारीची आहे. मास्तर मागे उभे होते.

“काय लिवलंस, कशानं बुजलं?”

“राख.”

“राख काय म्हणून? चुलीतली वाटंल त्येंना. विभूती लिव.”

“मेजरांना कळणार नाही मास्तर.”

“सुभेदाराला कळंल.”

विभूती लिहिली. रेणुका टेबलाशी येऊन हळूच म्हणाली होती, ताई, माझं नाव नका घालू. नव्हतंच घालायचं. खाली माझं नाव, त्यापुढे बी.एस्सी., आणि सही. मालकांना प्रत पाठवली. मालकांनी मला काढलं नाही. नंतर मला वाटलं, पत्र गेल्यावर काढलं असतं तर ते आणखी वाईट दिसलं असतं. बहुतेक तेवढंच कारण.

तुकडी परत येईपर्यंतचे नऊ दिवस कारखान्यात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. बायका डबा घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. मास्तर मात्र होते तसेच. एका माणसानं वहीत मुद्दाम ‘भीती’ असं लिहिलं, मास्तरांनी त्याला परत बोलावलं आणि म्हणाले, “तिला वास नसतोय. खोड.”

तुकडी आली. ह्या वेळी सुभेदारांनी वही मागून घेतली, मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बाम, हुकमावरून’, आणि खुर्चीत बसून पँट गुडघ्यांपर्यंत गुंडाळली. मेजरांनी स्वतः शिक्के तोडले. एकेक यंत्र सुभेदारांच्या गुडघ्यांपासून दोन हातांवर ठेवायचं, मिनिटभर थांबायचं. काही ओरडली. निम्म्याहून जास्त ओरडली नाहीत. गप्प बसलेलं यंत्र किती गप्प असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. प्रत्येक वेळी चाळीस माणसं काचेपलीकडून बघत होती.

मेजरांनी यादी मागितली. “चेकशीट पे साईन किसका है?”

मी उभी राहिले.

“आज जाली देखी आपने?”

“नाही सर. आपका सील था.”

“अब नहीं है. देखिए.”

एवढंच. ते खुर्ची ओढून बसले. सुभेदारांनी पँट खाली केली. मी टेबलाशी गेले. एक नाक उघडायचं, जाळी चिमट्यानं काढायची, भिंगाखाली धरायची, नवीन बसवायची, तीही भिंगाखाली बघायची, नाक बंद करायचं, सुभेदारांपुढे ठेवायचं, ओरडण्याची वाट बघायची, मग सही. एकाला दहा-बारा मिनिटं. साठ. त्या दिवशी वीस झाली, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी वीस. मेजर तीन दिवस लॉजवर राहिले. मालक केबिनमधून बाहेर आले नाहीत. मास्तर खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून होते, हात मांडीवर, बाहेर बघत. त्यांची बोटं ह्या कामात माझ्यापेक्षा दुप्पट चालतात, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जाळी माझ्या चिमट्यातून दोनदा पडली. मी त्यांच्याकडं बघितलं. ते खिडकीतून कसल्यातरी ट्रककडं बघत होते.

साठ यंत्रं पास झाली. माल उशिरा गेला, उशिराबद्दल दंड व्हायचा तो झाला. मोठी ऑर्डर त्या वर्षी आली नाही, पुढच्या वर्षी आली, आधीच्या आकड्याच्या निम्मी. मधल्या काळात सात माणसांना जावं लागलं. रेणुका त्यांच्यात होती. ती आता एका शोरूममध्ये आहे. सात रस्ता चौकात दिसते कधीतरी, बोलते, पण थांबत नाही. मास्तर वर्षाभरानं गावाकडं गेले. त्यांच्या खुर्चीत मी बसते. वही अजून आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मेजरांची गाडी गेल्यावर, मी मास्तरांना दारात गाठलं. तीन दिवसांचं सगळं साठलं होतं. मी म्हणाले, “मास्तर, एक तरी जाळी बसवायची होती. सगळ्यांसमोर माझ्या चिमट्यातून जाळी पडत होती. तुम्ही बघत होता आणि उठला नाहीत. का?”

ते चपला घालत होते. एक घातली, दुसरी सापडेना. पायानंच चाचपून सरळ केली.

“माजी सही न्हवती की त्याच्यावर,” म्हणाले, आणि बसस्टॉपकडं निघाले.